तीनशे रुपयाच्या आमटीवरून भांडताना वाढणाऱ्याला विसरू नका

गेले काही आठवडे बेळगावातल्या ग्रुपांवर एका मेनूकार्डाचा फोटो फिरतोय. टिळकवाडीतल्या एका जुन्या घरात सुरू झालेलं लहानसं हॉटेल, मोजकी टेबलं, आणि मेनूत काय तर येळ्ळूरकडच्या मसुराची आमटी, नाचणीची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेलं रताळं आणि त्यावर शेंगाची चटणी, शेवटी कुंद्याचं काहीतरी नवीन. बाजूला रेट, आणि तो रेट बघून लोक तुटून पडलेत. एक बाजू म्हणते, आमच्या आज्जीनं जन्मभर चुलीवर केलं ते आता तीनशे रुपयाला विकूलालेत, सरळ लुटूलालेत. दुसरी बाजू म्हणते, परवडत नसेल तर जाऊ नका की, कोण बोलावलंय तुम्हाला? मग पहिल्या बाजूचा कोणीतरी परंपरा काढतो, दुसऱ्या बाजूचा कोणीतरी पुणे-बंगळूरचे रेट काढतो, आणि दोन दिवसांनी तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर जाऊन तेच भांडण पहिल्यापासून सुरू होतं.

मला हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय असं वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घोळ नको: असं हॉटेल, म्हणजे गल्लीतलं, लहान, आपल्याच शिवारातल्या मालाशी डोकं लावून खेळणारं आणि आलेल्या माणसाला माणसासारखं वागवणारं, ही शहराची गरज आहे, त्याचा रेट बहुतेक वेळा वाजवी असतो, आणि त्या रेटमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ताटात नसतेच, ती ताट घेऊन येणाऱ्या माणसात असते. तिच्याबद्दल या सगळ्या वादात कोणी अवाक्षर काढलेलं नाही. आमटीवर शेकडो मेसेज पडले, आमटी वाढणाऱ्या पोराला पगार किती असेल हा प्रश्न एकालाही पडला नाही.

आधी परंपरेचं बघू, कारण तो मुद्दा सगळ्यात जोरात मांडला जातो. म्हणे रताळ्यावर शेंगाची चटणी घालून वर मिरचीचं तेल सोडणं ही आपल्या जेवणाची मोडतोड आहे. आता हे ताट नीट बघा. रताळं अमेरिका खंडातलं, भुईमूग तिथलाच, मिरची तिथलीच, आणि या वस्तू समुद्रावरून आणणाऱ्यांत पोर्तुगीज पुढं होते, ज्यांचं एकेकाळचं गोवा आपल्या चोर्ला घाटाच्या पलीकडं आहे. काजू तसाच आला, बटाटा तसाच आला, आणि आज चंदगडचा काजू आणि बेळगावचा बटाटा म्हणून आपण छाती फुगवतो. नाचणी आणि जोंधळा त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेतून आले, मसूर पश्चिम आशियातून. म्हणजे या ताटातला एकही दाणा मुळात इथला नाही, आणि तरी हे ताट शंभर टक्के आपलं आहे, कारण कधीतरी कोणीतरी बाईनं ती परकी मिरची पहिल्यांदा खलबत्त्यात घातली असणार आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तोंडं वाकडी केली असणार. तिला त्या वेळी थांबवलं असतं तर आज संकेश्वरी मिरचीचा ठेचा कुठून आला असता?

कुंद्याचंही तेच. बेळगावची ओळख म्हणून आपण तो पाहुण्याला बांधून देतो, मुंबईच्या नातेवाइकाला पाठवतो, पण तो इथं रुजवला राजस्थानातून आलेल्या पुरोहित मिठाईवाल्यांनी. बाहेरचा माणूस, इथलं दूध, आणि दोन्हीतून झालेला एक नवीन पदार्थ जो आता गावाचा झालाय. बंगळूरच्या एमटीआर हॉटेलचं उदाहरण तर अजून सरळ आहे. ते 1924 साली सुरू झालं, म्हणजे ज्या वर्षी बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याच वर्षी, आणि दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली आम्ही काढली असं ते लोक सांगतात. आज रवा इडली खाताना कोणाला ती फॅशन वाटते का? आणि लांब कशाला जायचं, हायवेवर इस्लामपूर-कराडकडं जो अख्खा मसूर मिळतो त्यासाठी बेळगावातली माणसं गाडी काढून जातात, येताना पार्सल आणतात. मसूर हा गरिबाघरचा, पडेल त्या भाजीत टाकायचा दाणा, तो कोणीतरी तिखट-तेलाचा हात धरून ढाब्यावर आणला आणि त्याचं नाव झालं. तिथं कोणी "आमच्या आज्जीचा मसूर विकूलालेत" म्हणत नाही. मग तोच मसूर टिळकवाडीत कोणी वेगळ्या पद्धतीनं शिजवला तर परंपरा कशी काय बुडते?

पण एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे, आणि ती मान्य न करता बोलणारे लोक या हॉटेलांचं नुकसान करतात. क्रिएटिव्हच्या नावाखाली खूप खोटं चाललंय. थालीपिठावर चीज किसायचं आणि मेयोनीज फासायचं, पुरीएवढी भाकरी काळ्या दगडावर ठेवायची, झाकण काढलं की धूर, फोटो काढून झाला की चव शून्य. त्यात शिजवणाऱ्याला ना भाकरी कळलेली असते ना चीज. याचा राग येणं बरोबर आहे आणि मलाही येतो. फक्त त्यावरून नवीन काही करणारे सगळेच लबाड असा निष्कर्ष काढता येत नाही, जसं चार खानावळींत सोडा घालून डाळ शिजवतात म्हणून सगळ्या खानावळी वाईट ठरत नाहीत. खरं-खोटं ओळखायची माझी कसोटी अशी आहे की त्या स्वयंपाक्याला माल माहीत आहे का ते बघायचं. आपल्या येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळच्या काळ्या जमिनीत भात कापला की जमिनीतल्या ओलीवर मसूर टाकतात, त्याला वेगळं पाणी देत नाहीत, थंडीवर आणि दवावर तो येतो, आणि म्हणून तो बारीक असतो, लवकर शिजतो, त्याला स्वतःचा एक वास असतो. ज्याला हे माहीत आहे तो त्यात गरम मसाला ओतणार नाही, लसूण-खोबरं बेतानं घालेल आणि पातळ ठेवेल, कारण त्या मसुराचा कट हीच त्याची मजा आहे. ज्याला माहीत नाही तो वर क्रीम घालेल. दोन्ही नवीन, दोन्ही महाग, पण एक जण मालाला मान देतोय आणि दुसरा लपवतोय.

आणि मालाचा विषय निघालाच आहे तर रेटचा एक भाग तिथंच आहे. आपल्या देशात मसूर पुरत नाही, तो मोठ्या प्रमाणात कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून येतो, आणि स्वस्त थाळीतली डाळ त्याच मसुराची असायची शक्यता खूप. त्याला मी वाईट म्हणत नाही, पोट भरतं. पण इकडं आपल्या शिवाराचं काय चाललंय ते आपण रोज बघतोय, बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात भातात शिरतं, हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन गेली, शेतकरी वर्षानुवर्षं आंदोलन करत आले. अशा वेळी एखादं हॉटेल मेनूवर गावाचं नाव घालून तो मसूर विकत घेतं, शेतकऱ्याला बाजारापेक्षा चार पैसे जास्त देतं, तर त्या रेटला लूट म्हणायचं की त्याच रेटमुळं पुढच्या वर्षी कोणीतरी तिथं मसूर टाकेल असं म्हणायचं? अर्थात हॉटेलवाला खरंच येळ्ळूरचा मसूर घेतो का फक्त नाव छापतो हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, आणि तो विचारला पाहिजे. मेनूत गावाचं नाव लिहिणं म्हणजे वचन आहे.

आता दुसरा मुद्दा, जो ऐकायला सगळ्यात साधा वाटतो आणि मला सगळ्यात जास्त खटकतो: "घरी मिळतं की हे." घरी मिळतं म्हणजे कोण देतं? नाचणीची उकड काढून, गरम पीठ हातानं मळून, तव्यासमोर उभं राहून एकेक भाकरी थापून वाढणारी बाई त्या वाक्यात कुठंच नाही. ती भाकरी फुकट आहे असं आपल्याला वाटतं कारण तिच्या वेळाला आपण कधी किंमत लावलीच नाही. मुंबईत गिरणी कामगारांना खानावळीचे डबे करून देणाऱ्या हजारो बायका होत्या, सावकाराकडून पैसे उचलून किराणा भरायच्या, दहा-दहा माणसांचं दोन वेळचं रांधायच्या, आणि त्यांचं हे काम धंदा आहे असं कोणी धरत नव्हतं. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा कुठं भाकरी थापणं हे कमाईचं काम म्हणून कागदावर आलं. म्हणून मला वाटतं की भाकरीला रेट लागणं ही शरमेची गोष्ट नाही, उलट इतकी वर्षं तो लागला नाही ही आहे. आज्जीचा अपमान तीनशे रुपयांनी होत नाही. आज्जीच्या स्वयंपाकाची किंमत शून्य धरून मग बाकीचे रेट त्याच्याशी तोलण्यानं होतो.

आता येतो त्या गोष्टीकडं जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. या हॉटेलबद्दल चांगलं बोलणारे लोकही एवढंच म्हणतात की "सर्व्हिस छान आहे, पोरं गोड बोलतात," आणि विरोधक लगेच म्हणतात, गोड बोलणं ही धंद्याची युक्ती आहे, पैसे घेतात म्हणून हसतात. मला सांगा, डॉक्टर पैसे घेतो म्हणून त्याची काळजी खोटी असते का? चांगलं वाढणं म्हणजे नेमकं काय काम असतं ते जरा बघा. टेबलावर एक म्हातारे काका आलेत, त्यांना पायऱ्या चढताना त्रास झाला हे ओळखून त्यांना भिंतीकडची खुर्ची द्यायची. सोबतच्या लहान पोराची आमटी वेगळी, कमी तिखट, कोणी न सांगता आणायची. एकटी आलेली बाई पुस्तक वाचतेय तर तिला सारखं विचारून हैराण करायचं नाही, पण तिचं पाणी संपलेलंही चालत नाही. कोणाला मेनूतलं काही कळत नाहीये आणि विचारायला लाज वाटतेय, त्याला कमीपणा न वाटू देता सांगायचं की काका, हे म्हणजे आपली साधी आमटीच, थोडी वेगळी फोडणी आहे, आधी थोडी चाखून बघा की, नाही आवडली तर दुसरं देतो. आणि हे सगळं दहा तास उभं राहून. केरळात कापड दुकानांतल्या बायकांनी कामावर बसायला मिळावं म्हणून लढा दिला तेव्हा 2018 मध्ये तिथल्या सरकारला कायदा बदलावा लागला, तमिळनाडूनं 2021 मध्ये तसाच बदल केला, म्हणजे उभं राहणं हेसुद्धा शरीर झिजवणारं काम आहे एवढं कळायलासुद्धा आपल्याला ही वर्षं उजाडावी लागली. त्यात वर चेहरा प्रसन्न ठेवायचा. याला कौशल्य नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आणि आपल्या भागात तर हॉटेलात कोण कोणाला काय वाढतो हा कधीच साधा विषय नव्हता. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर मंडळींपुढं चहा ठेवला गेला, गोपाळराव जोशींनी नावं वर्तमानपत्रात छापली, आणि एका कप चहावरून प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. त्याच्या तीसेक वर्षांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, शाहू महाराजांच्या पाठिंब्यानं, आणि दलिताच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना, तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे आणि बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. राजानं फर्मान काढून लोकांना समतेवर भाषण दिलं असतं तर किती जणांना पटलं असतं देव जाणे, पण त्या दुकानात उभं राहून कप हातात घेतल्यावर बरोबरच्यांना पळवाट उरली नाही. निपाणीत 1925 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, हे सगळं आपल्या अंगणात घडलेलं आहे. म्हणून एखाद्या गल्लीतल्या हॉटेलात कोणीही येऊन कोणाच्याही शेजारच्या टेबलावर बसतं, वाढणाऱ्याची जात कोणी विचारत नाही आणि वाढणारा कोणाची विचारत नाही, ही गोष्ट मी आपोआप आलेली धरत नाही. ती कमावलेली आहे आणि रोज सांभाळावी लागते.

इथं विरोधकांचा सगळ्यात धारदार मुद्दा येतो आणि तो खरा आहे. ते म्हणतात, ही आपुलकी कपडे बघून असते. जात विचारत नाहीत, पण चप्पल बघतात, इंग्रजी बघतात. दारात बुलेट लावून आलेल्याला "या सर", आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून सुटून तेलकट शर्टात आलेल्याला "टेबल फुल आहे." असं होतं, मी होताना बघितलंय, आणि जिथं होतं त्या हॉटेलाचं जेवण कितीही भारी असू दे, त्याला चांगलं हॉटेल म्हणायला मी तयार नाही. पण या मुद्द्यातून निष्कर्ष काय निघतो? आपुलकी खोटी असते असा नाही, आपुलकी सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे असा निघतो. मोठ्या हॉटेलात ही मागणी करायला आपल्याला कोणी ओळखत नसतं. गल्लीतल्या हॉटेलात मालक काउंटरवर बसलेला असतो, त्याची पोरं आपल्या पोरांच्या शाळेत असतात, त्याला तोंडावर सांगता येतं की अण्णा, हे बरोबर नव्हे.

भाषेचंही सांगायला पाहिजे, कारण आपण बेळगावात राहतो आणि इथं पाटीवर कुठली भाषा किती मोठी यावरून दगड पडतात. 1 नोव्हेंबरला एका गल्लीत मराठी लोकांचा काळा दिवस आणि पलीकडच्या रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक हे आपल्याला नवीन नाही, सीमाप्रश्नाची सुप्रीम कोर्टातली केस 2004 पासून पडून आहे, आणि मराठी माणसाच्या मनात जी सल आहे ती खरी आहे, मी ती हॉटेलच्या ताटाखाली झाकत नाहीये. पण चांगला वाढणारा या गावात काय करतो बघा. टेबलाजवळ येईपर्यंत त्यानं कान देऊन ऐकलेलं असतं की हे घर मराठीत बोलतंय का कन्नडमध्ये का कोकणीत का उर्दूत, आणि तो त्याच भाषेत सुरुवात करतो, आणि चुकला तर पुढच्या वाक्याला बदलतो. हे त्याला कोणी सरकारी आदेशानं शिकवलेलं नाही. समोरच्याला त्याच्या भाषेत विचारलं तर तो नीट जेवतो एवढंच त्याला माहीत असतं. ज्या आदरासाठी आपण सरकारी ऑफिसच्या खिडकीवर सत्तर वर्षं अर्ज करतोय, मराठीत कागद द्या म्हणून, तो आदर एक विशीतला पोरगा पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता देऊन जातो. मग हे काम हलकं कसं? आणि उलटंही लागू आहे बरं का, आपण त्याच्याशी कसं बोलतो तेही. "ए, इकडं ये" म्हणून चुटकी वाजवणारा माणूस आपल्या भाषेच्या मानाबद्दल बोलतो तेव्हा मला त्याचं बोलणं ऐकवत नाही.

आता पैशाचं. हॉटेलवाल्यांच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की रेट जास्त कारण खर्च जास्त, आणि तिथंच थांबतात. मी त्यांना सोडणार नाही. खर्चात पगार किती आहे ते सांगा. आपल्या कायद्याची गंमत नव्हे, अडचण अशी आहे की वीसपेक्षा कमी माणसं कामाला असली की पीएफ बंधनकारक होत नाही, दहापेक्षा कमी असली की ईएसआय, म्हणजे आजारपणाचा सरकारी विमा, नाही. म्हणजे ज्या लहान हॉटेलांचं मी इतकं कौतुक करतोय नेमकी तीच बहुतेक या जाळ्याच्या बाहेर राहतात. किमान वेतन लागू असतं, पण ते तपासायला कोण येतो? म्हणजे त्या पोराचं म्हातारपण आणि आजारपण पूर्णपणे मालकाच्या मनावर, आणि मालकाचं मन मेनूच्या रेटवर. आपण रेट पाडायला लावतो तेव्हा मालक गॅस कमी जाळू शकत नाही, भाडं कमी देऊ शकत नाही, कमी होतो तो पगार. स्वस्त थाळीचा उरलेला पैसा कोणीतरी भरत असतोच.

मग लोक म्हणतात, टिप देतो की आम्ही. टिप द्या, चांगलं आहे, पण टिप म्हणजे पगार नव्हे. ती आपल्या मूडवर असते, आणि ज्या दिवशी पाऊस पडून गिऱ्हाईक येत नाही त्या दिवशी त्याचं घरभाडं थांबत नाही. सर्व्हिस चार्जचा देशभर वाद झाला, 2022 च्या जुलैत ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते कायम ठेवलं. मला तो निकाल योग्य वाटतो. गिऱ्हाइकाला न विचारता शेवटी दहा टक्के चिकटवणं आणि ते स्टाफपर्यंत पोचतात का हे कोणालाच न कळणं, यात ना गिऱ्हाइकाचा मान राहतो ना वाढणाऱ्याचा. त्यापेक्षा आमटीचा रेटच असा लावा की त्यात माणसाचा पगार बसेल, तो उघड मेनूवर छापा, त्यावर पाच टक्के जीएसटी काय तो घ्या, आणि मग कोणी महाग म्हटलं तर छातीठोकपणे सांगा की इथं स्टाफला आठवड्याची सुट्टी आहे आणि महिन्याचा पगार ठरल्या तारखेला होतो. असं सांगणारा हॉटेलवाला मला भेटला तर त्याच्या रेटबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. आणि तीनशेची आमटी विकून स्टाफला माळ्यावर झोपवणारा असेल तर त्याच्या क्रिएटिव्हिटीला माझ्या लेखी काडीची किंमत नाही, मग मसूर येळ्ळूरचा असो नाहीतर कॅनडाचा.

उरतो तो सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि त्याला मी बगल देणार नाही: कितीही समजावलं तरी ते जेवण बहुतेकांना परवडत नाही. बरोबर आहे. महिन्याला पंधरा-वीस हजारात घर चालवणाऱ्या माणसानं चौघांना घेऊन तिथं जायचं म्हटलं तर आठवड्याचा बाजार एका रात्रीत संपेल. "मग जाऊ नका" हे उत्तर उर्मट आहे आणि ते देणाऱ्यांची मला कीव येते. पण परवडणारं जेवण कोणी द्यायचं याचं उत्तर आपण दोन्ही राज्यांत शोधलेलं आहे. कर्नाटकात 2017 मध्ये इंदिरा कँटीन सुरू झालं, पाच रुपयात नाश्ता आणि दहा रुपयात जेवण, महाराष्ट्रात 2020 मध्ये दहा रुपयाची शिवभोजन थाळी आली. स्वस्त अन्न ही सरकारची जबाबदारी आहे आणि कँटीन नीट चालत नसेल, मराठी भागातल्या तालुक्यांत पुरेशी नसतील, तर भांडायचं तिथं. त्यासाठी मेसेज टाकायचे, मोर्चे काढायचे. ती सबसिडी आठ टेबलांच्या हॉटेलानं स्वतःच्या वेटरच्या खिशातून द्यावी ही मागणी न्यायाची नाही. आणि खानावळी? खडेबाजार, गणपत गल्लीच्या आसपास भाकरी, झुणका, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, दही असं पोटभर वाढणाऱ्या ज्या साध्या खानावळी आहेत, त्यांना नवीन हॉटेलं मारतात असं म्हणतात. मला तसं दिसत नाही. त्यांना मारतंय ते वाढतं भाडं, भाकरी थापायला माणूस न मिळणं, आणि सगळ्यांच्या मोबाइलवरचं ॲप, जे कमिशन कापून घेतं आणि जिथं वाढणाऱ्या मावशींचा आग्रह प्लास्टिकच्या डब्यात बसत नाही. नवीन हॉटेलात भाकरीला रेट आला की खानावळीतल्या भाकरीलाही दहा रुपये वाढवून मागायची हिंमत येते, हा माझा अनुभव नाही तर साधा हिशोब आहे.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त बोचतं. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांतून, चंदगडमधून, आपली पोरं किती वर्षं गोव्याला, पुण्याला हॉटेलात कामाला जातात. कळंगुटच्या शॅकमध्ये परदेशी माणसाला हसून मासा वाढणारा पोरगा कणकुंबीकडचा निघतो, पुण्यातल्या नावाजलेल्या किचनमध्ये भाजी चिरणारा हलकर्णीकडचा निघतो. तिथं त्यांच्या हाताला आणि जिभेला लोक वाखाणतात, सीझन संपला की ते घरी येतात, पावसाळ्यात भात लावतात, आणि परत जातात. त्यांच्या आया गावात एकट्या. त्यातला एखादा दहा वर्षं बाहेर शिकून परत येतो, टिळकवाडीत नाहीतर शहापुरात जुनं घर भाड्यानं घेतो, आपल्याच गावची रताळी, आपलाच मसूर घेऊन काहीतरी करून बघतो, गावातलीच चार पोरं कामाला ठेवतो, त्यांना सांगतो की आलेल्या माणसाला घरच्यासारखं बघा. आणि पहिल्याच महिन्यात आपण त्याच्या मेनूचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो, लुटूलालेत म्हणून. तो बंद करून परत गोव्याला गेला तर आपल्याला ती आमटी तिकडं खावी लागेल, सहाशे रुपयाला, आणि वाढणारा पोरगा तोच असेल, फक्त आपल्याशी हिंदीत बोलेल.